यामाशिता आणि जमिनीवरचा ज्युदो

ज्युदोची आकडेवारी काढली की यासुहिरो यामाशिताच्या नावापुढे 203 हा आकडा येतो. ऑक्टोबर 1977 ते एप्रिल 1985 या साडेसात वर्षांत तो 203 लढती जिंकला आणि एकही हरला नाही. पूर्ण कारकिर्दीचा हिशेब 528 विजय, 16 पराभव आणि 15 बरोबरी असा आहे. परदेशी खेळाडूकडून तो आयुष्यात एकदाही हरला नाही. मात्र त्या अजिंक्य मालिकेच्या पोटात सात बरोबरीच्या लढतीही आहेत, आणि त्यांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. तो करायला हवा, कारण त्या सातांतल्या एका लढतीच्या शेवटी यामाशिता मोडक्या पायाने मॅटवर पडला होता. एवढ्या मोठ्या विक्रमात अशी एक दुपार बसलेली आहे हे कळले की 203 कडे बघायची नजर बदलते.

त्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते ते त्याच्या फेकींबद्दल. 180 सेंटिमीटर उंची, सव्वाशे किलोंच्या आसपास वजन आणि तरीही मांजरासारखी चपळाई. डावीकडून येणारी त्याची ओसोतो-गारी, म्हणजे समोरच्याच्या पायामागून पाय उडवून पाडण्याची फेक, भल्याभल्यांना थोपवता आली नाही. पण त्याची कारकीर्द नीट पाहिली तर सर्वांत कठीण प्रसंगी त्याला तारले ते उभ्याने केलेल्या डावांनी नाही. ते काम जमिनीवरच्या ज्युदोने केले. प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटणारा, टीव्हीवर नीट दिसतही नाही असा हा भाग. या प्रकरणात मला मुख्यतः त्याबद्दल लिहायचे आहे.

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. त्यात पूर्ण विजयाला इप्पोन म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला जोरात, वेगाने आणि ताब्यात ठेवून पाठीवर फेकले की इप्पोन. पण फेक हा एकच रस्ता नाही. खाली पडल्यावर लढत पुढे चालू राहते. समोरच्याची पाठ जमिनीला टेकवून ठरलेला वेळ जखडून ठेवले, त्याच्याच कोटाच्या गळपट्टीने त्याचा गळा आवळला किंवा कोपराचा सांधा पिळून त्याला हार मानायला लावली, तरी तो इप्पोनच. यामाशिताच्या काळात जखडून ठेवण्याची वेळ 30 सेकंद होती, आता ती 20 आहे. या साऱ्या जमिनीवरच्या विद्येला नेवाझा म्हणतात. फेक क्षणात होऊन जाते. नेवाझात मात्र वजन कुठे टाकायचे, कोणता हात कधी सोडायचा आणि श्वास कसा राखायचा याचा हिशेब सतत चालू असतो.

यामाशिताचा जन्म 1 जून 1957 चा, क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या याबे या डोंगराळ गावातला. कुमामोतो ही ज्युदोची जुनी भूमी. मासाहिको किमुरा हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला अजिंक्य पहिलवान तिथलाच. यामाशिता लहानपणापासून वयाच्या मानाने थोराड आणि भलताच दांडगा होता. त्याच्या भीतीने वर्गातली मुले शाळेत यायला नाखूश असत, असे त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितले आहे. हा पोरगा कुठेतरी वळणावर यावा म्हणून घरच्यांनी त्याला ज्युदोला घातले. यात आजोबांचा पुढाकार होता. दांडगाईला नियमांची चौकट मिळाली, आणि ज्या ताकदीपायी शाळेत बोलणी खावी लागत होती त्याच ताकदीचे दोजोमध्ये, म्हणजे ज्युदोच्या आखाड्यात, कौतुक होऊ लागले. पुढे कुमामोतो शहरातल्या शाळेत त्याला रेइसुके शिराइशी हे शिक्षक भेटले. त्यांनी त्याची पायाभरणी केली.

तो सात वर्षांचा होता तेव्हा टोकियोत ऑलिंपिक झाले. 1964 चे हे ऑलिंपिक ज्युदोसाठी पहिले होते. चार गट होते, तीन वजनाचे आणि चौथा खुला, म्हणजे वजनाची अटच नसलेला. जपानने तिन्ही वजनगट जिंकले. पण जपानी माणसाचा जीव चौथ्यात अडकला होता. ज्युदोचा मूळ दावाच असा की योग्य तंत्र असेल तर लहान माणूस मोठ्याला पाडू शकतो. त्या दाव्याची परीक्षा खुल्या गटात होणार होती. 23 ऑक्टोबरला निप्पोन बुदोकानमध्ये नेदरलँड्सच्या आंतोन खेसिंकने अकिओ कामिनागाला हरवले. हरवले तेही जमिनीवर जखडून. 30 सेकंद कामिनागा त्या भल्यामोठ्या देहाखाली धडपडत राहिला आणि सभागृह सुन्न झाले. विजयाच्या आनंदात काही डच पाठीराखे मॅटकडे धावले, तेव्हा खेसिंकने हात उंचावून त्यांना तिथेच थांबवले. जपानी प्रेक्षकांनी पराभवाइतकाच तो हातही लक्षात ठेवला.

त्यानंतर 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ज्युदो नव्हताच. 1972 मध्ये म्युनिकला खुला गट पुन्हा एका डच खेळाडूने, विलेम रुस्काने जिंकला. जपानला त्या गटाचे सुवर्ण मिळाले ते थेट 1976 मध्ये माँट्रियलला, हारुकी उएमुराच्या रूपाने. त्या संघात 19 वर्षांचा यामाशिता राखीव खेळाडू होता.

शालेय वयातच त्याला कुमामोतोहून तोकाई विद्यापीठाच्या सागामी इथल्या हायस्कुलात आणले गेले. या विद्यापीठाचे संस्थापक शिगेयोशी मात्सुमाए हेही मूळचे कुमामोतोचे आणि ज्युदोचे कट्टर भोक्ते. 1979 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचे अध्यक्ष झाले. पण यामाशिताच्या दृष्टीने तिथे सर्वांत महत्त्वाचा माणूस होता नोबुयुकी सातो. सातो 1967 आणि 1973 मध्ये हलक्या हेवीवेट गटाचे जगज्जेते होते आणि त्यांची ख्याती नेवाझासाठी होती. पहिल्यांदा जगज्जेते झाले, त्याच्या पुढच्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो नव्हता. गुरूच्या वाट्याला आलेली ही गोष्ट शिष्याच्या वाट्याला आणखी कडवट रूपात येणार होती.

मोठ्या शरीराच्या मुलांचा एक धोका असतो. उभ्याने फेक बसते आहे तोवर त्यांना जमिनीवर घाम गाळावासा वाटत नाही, आणि शिक्षकही पदके येत आहेत म्हणून गप्प बसतात. सातो गप्प बसले नाहीत. फेक अर्धवट बसली तरी समोरचा खाली जाताना त्याच्याबरोबर खाली जायचे, तो सावरायच्या आत त्याच्या पायांतून स्वतःचा पाय सोडवायचा आणि बाजूने छातीवर चढून जखडायचे, हे त्यांनी यामाशिताच्या अंगवळणी पाडले. बाजूने आडवे पडून केलेल्या या पकडीला योको-शिहो-गातामे म्हणतात. त्यामुळे यामाशिताच्या बाबतीत उभी लढत आणि जमिनीवरची लढत यांच्यात फटच उरली नाही. फेकीतून वाचलेल्या माणसाला सुटल्याचा आनंद व्हायच्या आत त्याची पाठ टेकलेली असे.

1977 च्या एप्रिलमध्ये, 19 व्या वर्षी, तो अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. इतक्या लहान वयाचा विजेता त्याआधी झाला नव्हता. ही स्पर्धा दरवर्षी 29 एप्रिलला बुदोकानमध्ये होते आणि तिच्यात वजनगट नसतात. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीच्या गदेला जो मान आहे तोच तिथे या किताबाला, आणि जपानी ज्युदोपटूला ऑलिंपिक सुवर्णाहून याचे मोल कमी वाटत नाही. यामाशिताने तो सलग नऊ वर्षे सोडला नाही. 1979 मध्ये पॅरिसला तो 95 किलोंवरील गटात जगज्जेता झाला. आता उरले होते मॉस्को ऑलिंपिक.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्काराची हाक दिली आणि जपान सरकारने आपल्या ऑलिंपिक समितीवर दबाव आणला. एप्रिल 1980 मध्ये टोकियोत खेळाडू आणि प्रशिक्षकांची एक सभा झाली. आम्हाला जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. माँट्रियलचा सुवर्णविजेता कुस्तीगीर युजी ताकादा कॅमेऱ्यांसमोर ढसाढसा रडला. यामाशितानेही कळवळून विनंती केली. 24 मे रोजी जपानी ऑलिंपिक समितीने मतदान घेऊन बहिष्कारावर शिक्कामोर्तब केले.

दुसऱ्याच दिवशी वजनगटांची राष्ट्रीय निवड स्पर्धा होती. जिच्यासाठी निवड व्हायची ती गोष्टच आदल्या दिवशी गेलेली. यामाशितासमोर सुमिओ एन्दो उभा होता. एन्दोही जगज्जेता, 1979 मध्ये पॅरिसला खुला गट त्यानेच जिंकला होता. एन्दोने कानी-बासामी मारली. या डावात खेळाडू स्वतःला हवेत झोकून देतो आणि एक पाय समोरच्याच्या पोटाशी, दुसरा त्याच्या पायांच्या मागे नेऊन कात्रीसारखा आवळतो. डाव तेव्हा नियमात बसत होता, त्यामुळे एन्दोला दोष देण्यात अर्थ नाही. पण वरून आलेला सगळा भार यामाशिताच्या डाव्या पायावर पडला आणि गुडघ्याखालचे बाहेरच्या बाजूचे बारीक हाड मोडले. लढत बरोबरीत सुटली असे जाहीर झाले. मालिका कागदावर शाबूत राहिली. कानी-बासामीवर पुढे बंदी आली.

मॉस्कोत 95 किलोंवरचा गट फ्रान्सच्या आंजेलो पारिसीने जिंकला आणि खुला गट पूर्व जर्मनीच्या दीत्मार लोरेंत्झने. त्या दोघांच्या पदकांना कमी लेखायचे कारण नाही, ज्यांनी यायचे ते आले आणि त्यांच्यातले हे दोघे सर्वश्रेष्ठ ठरले. मात्र 23 वर्षांच्या, सलग जवळपास तीन वर्षे अपराजित असलेल्या माणसाचे काय गेले हे मोजायला कुठलाही आकडा पुरणार नाही. खेळाडूचे शरीर चार वर्षे थांबत नाही. यामाशिताचेही थांबले नाही. पाय जुळला, तो परत आला, 1981 मध्ये मास्त्रिख्टला वजनगट आणि खुला गट अशी दोन जागतिक सुवर्णपदके एकाच स्पर्धेत घेतली. 1983 ची जागतिक स्पर्धा मॉस्कोत होती. ज्या शहरात त्याला जाऊ दिले नव्हते तिथे तो तीन वर्षे उशिरा पोहोचला आणि जिंकून आला. तरी ऑलिंपिकची जागा रिकामीच होती.

या काळात घरातच एक प्रतिस्पर्धी तयार झाला होता. आओमोरी प्रांतातला हितोशी साइतो यामाशितापेक्षा साडेतीन वर्षांनी लहान, त्याच्यापेक्षा वजनदार आणि तंत्रात कुठेही उणा नसलेला. 1983 मध्ये मॉस्कोचा खुला गट त्यानेच जिंकला. 1983, 84 आणि 85 अशी तीन वर्षे अखिल जपान स्पर्धेची अंतिम लढत या दोघांतच झाली आणि तिन्ही वेळा साइतो हरला.

लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये साइतोकडे 95 किलोंवरचा गट होता, यामाशिताकडे खुला. साइतोने पारिसीला हरवून आपले सुवर्ण घेतले. 11 ऑगस्ट 1984 रोजी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या सभागृहात खुल्या गटाच्या लढती सुरू झाल्या. या वेळी सोव्हिएत संघ आणि त्याचे मित्रदेश बहिष्कारावर होते, म्हणजे त्यांच्याकडचे तगडे हेवीवेट या गटात नव्हते. हे सांगितल्याशिवाय त्या सुवर्णाची गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

पहिली लढत त्याने झटपट संपवली. दुसरी पश्चिम जर्मनीच्या आर्थर श्नाबेलशी होती. हल्ला चढवताना यामाशिताच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला.

इथे थोडे थांबून पायांचा विचार करायला हवा. यामाशिता डावखुऱ्या पद्धतीने खेळायचा. डावीकडून ओसोतो-गारी मारताना तो समोरच्याच्या छातीला छाती भिडवून पुढे सरकतो, उजवा पाय त्याच्या शेजारी रोवतो आणि डावा पाय त्याच्या पायामागून वेगाने उडवतो. ज्या क्षणी डावा पाय हवेत असतो त्या क्षणी स्वतःचे सव्वाशे किलो आणि समोरच्याचे जे काही असेल ते सगळे उजव्या पायावर तोललेले असते. आतून मांडीला पाय घालून फेकायच्या उची-मातातही तेच. मारायचा पाय दुखावला असता तर काही डाव कमी झाले असते. टेकायचा पाय फाटल्यावर उभ्याचा ज्युदो जवळपास संपला. तेवढेच नाही, मागे ढकलले तर पाय रोवून थांबायचीही सोय राहिली नाही.

मग त्याच्याकडे काय उरले? जमीन उरली. श्नाबेलला त्याने तिथल्या तिथे जमिनीवर घेऊन मागून त्याच्याच गळपट्टीने गळा आवळला आणि हार मानायला लावली. ओकुरी-एरी-जिमे हे या आवळीचे नाव. तिच्यासाठी पोटरी लागत नाही. बोटांची पकड लागते, छातीचा भार लागतो आणि समोरचा कुठे वळणार हे आधी कळावे लागते.

मॅटवरून उतरताना तो लंगडत होता आणि ते सगळ्यांनी पाहिले. उपांत्य फेरीत समोर आलेल्या फ्रान्सच्या लोराँ देल कोलोम्बोनेही अर्थातच पाहिले. लढत सुरू होऊन अर्धे मिनिट होते न होते तोच देल कोलोम्बोने यामाशिताला पाडले, तेही ओसोतो-गारीनेच. ज्या डावाने जगभरच्या हेवीवेटना झोप लागत नव्हती तोच डाव त्याच्यावर बसला. पाठ पूर्ण टेकली नाही म्हणून फक्त कोका मिळाला. कोका म्हणजे तेव्हाचा सर्वांत लहान गुण, पुढे तो नियमांतूनच काढून टाकला. पण गुण लहान असला तरी यामाशिता ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत, एका पायावर, पिछाडीवर होता. त्यानंतर जे झाले ते केवळ जिद्दीने समजावून सांगणे मला पटत नाही. जिद्द देल कोलोम्बोकडेही होतीच. यामाशिताने दुखरा पाय रोवून स्वतःची ओसोतो-गारी मारली. चांगल्या दिवशी तिथेच लढत संपली असती. त्या दिवशी ती संपली नाही, आणि तो समोरच्यासोबत खाली गेला, बाजूने चढला आणि योको-शिहो-गातामेत त्याला जखडून बसला. हायस्कुलापासून हजारो वेळा केलेला तो खाली जाण्याचा सराव इथे कामी आला.

अंतिम लढत इजिप्तच्या मोहम्मद अली रशवानशी होती. अलेक्झांड्रियाचा हा तगडा खेळाडू जपानी प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला. या लढतीची एक दंतकथा जगभर सांगितली जाते. रशवानने यामाशिताच्या दुखऱ्या पायावर हल्ला करायचे मुद्दाम टाळले आणि खिलाडूपणासाठी सुवर्णावर पाणी सोडले, अशी ती कथा. रशवानने लढतीनंतर आपण त्या पायाला लक्ष्य केले नाही असे सांगितले होते हे खरे. त्याबद्दल आंतरराष्ट्रीय फेअर प्ले समितीने त्याचा गौरव केला हेही खरे.

पण लढतीची चित्रफीत पाहिली तर रशवान संकोचाने उभा राहिलेला दिसत नाही. तो हल्ला करतो. जिंकायला आलेला माणूस जसा करेल तसा करतो. त्याच्याच हल्ल्यात यामाशिता त्याला खाली घेतो, तो पोटावर वळायच्या आत त्याच्यावर चढतो आणि पुन्हा तीच योको-शिहो-गातामे. 30 सेकंद रशवान खालून उसळत राहतो. एक मिनिट पाच सेकंदांवर लढत संपते. म्हणजे उभ्याने ती जेमतेम अर्धा मिनिट चालली.

मला दंतकथेपेक्षा ही चित्रफीत अधिक मोलाची वाटते. रशवानने लढत सोडून दिली असे म्हटले तर दोघांचाही अपमान होतो. रशवान मग पूर्ण खेळाडू राहत नाही आणि यामाशिताचे सुवर्ण भीक ठरते. लंगड्या प्रतिस्पर्ध्याला हरवायचा एक सोपा मार्ग रशवानपुढे होता. अंतर राखायचे, मॅटभर फिरवायचे, पाय आणखी सुजू द्यायचा आणि मिनिटे मोजायची. तो मार्ग त्याने घेतला नाही. तो सरळ भिडला, आणि भिडल्यामुळेच हरला. पदक देताना यामाशिताला चौथऱ्याच्या वरच्या पायरीवर चढता येईना, तेव्हा रशवानने हात देऊन त्याला वर घेतले. त्याच्या मोठेपणाला हा पुरावा भरपूर आहे. जपानमध्ये त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि 2019 मध्ये जपान सरकारने त्याला उगवत्या सूर्याच्या सन्मानपदकाने गौरवले.

यामाशिता त्या दिवशी लपवाछपवी न करता रडला. ऑलिंपिकमधला खुला गट त्यानंतर बंद झाला. खेसिंकने 1964 मध्ये जमिनीवर जखडून जिंकलेला गट 1984 मध्ये तशाच जमिनीवरच्या पकडीने जिंकून यामाशिता त्याचा शेवटचा विजेता ठरला. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार मिळाला.

एप्रिल 1985 मध्ये बुदोकानमध्ये पुन्हा साइतो समोर आला. लढतीत एका क्षणी यामाशिताचा डाव उलटून तो स्वतःच मागे गेला. पंचांनी त्यावर गुण दिला नाही. वेळ संपली, निर्णय पंचांच्या झेंड्यांवर गेला आणि तो यामाशिताच्या बाजूने लागला. नववा किताब. त्या पडण्याला गुण मिळायला हवा होता असे म्हणणारे जाणकार आजही भेटतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. मालिका अखंड राहिली, पण शेवटच्या लढतीत ती केसावर टांगलेली होती. जूनमध्ये, 28 व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

साइतोने एव्हरेस्ट चढलो पण फुजी अजून चढायचा राहिला, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. जगज्जेता झाला, ऑलिंपिक विजेता झाला, पण यामाशिता असेतोवर अखिल जपान किताब त्याला मिळाला नाही. तो 1988 मध्ये मिळाला. त्याच वर्षी सोलमध्ये जपानचे एकामागून एक ज्युदोपटू सुवर्णाविना परतत असताना शेवटच्या दिवशी साइतोने दुखऱ्या गुडघ्यानिशी 95 किलोंवरील गट पुन्हा जिंकला. त्या ऑलिंपिकमधले ज्युदोतले जपानचे ते एकमेव सुवर्ण. 2015 मध्ये साइतोचे निधन झाले. 2022 मध्ये त्याचा मुलगा तात्सुरु अखिल जपान विजेता झाला आणि पिता-पुत्रांनी हा किताब जिंकल्याचे पहिले उदाहरण घडले.

निवृत्तीनंतर यामाशिता तोकाई विद्यापीठात शिकवू लागले आणि 1992 ते 2000 या काळात जपानच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. या वर्षांतला सर्वांत कठीण प्रसंग 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमधला. 100 किलोंवरील अंतिम लढतीत शिनिची शिनोहारा आणि फ्रान्सचा दाविद दुइये एकमेकांसोबत खाली गेले. दुइयेची उची-माता चुकवून शिनोहाराने त्याला फेकले असे जपानचे म्हणणे होते, आणि एका बाजूच्या पंचानेही तसाच कौल दिला. मुख्य पंचाने गुण दुइयेला दिला. यामाशिता मॅटच्या कडेला उभे राहून निकराने दाद मागत राहिले. उपयोग झाला नाही. आपण कमी पडलो म्हणून हरलो, एवढेच शिनोहारा बोलला. चित्रफीत पाहून निर्णय तपासायची पद्धत ज्युदोत पुढे आली.

2013 मध्ये जपानी ज्युदोची मान खाली गेली. महिला राष्ट्रीय संघातल्या 15 खेळाडूंनी प्रशिक्षकांकडून होणाऱ्या मारहाणीची आणि अपमानाची तक्रार केल्याचे उघड झाले. अखिल जपान ज्युदो महासंघाची नेतृत्वफळी बदलली. यामाशिता 2017 मध्ये महासंघाचे आणि 2019 मध्ये जपानी ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाले. ज्या समितीच्या मतदानाने त्यांचे मॉस्को गेले होते तिच्याच अध्यक्षपदी ते बसले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत टोकियोचे ऑलिंपिक महासाथीमुळे वर्षभर पुढे ढकलले गेले. तयारी पुरी झालेल्या खेळाडूला तारीख हातातून निसटली की काय होते, हे त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रशासक म्हणून त्यांच्या काळातला एक निर्णय मला विशेष वाटतो. जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी इयत्तावार राष्ट्रीय ज्युदो स्पर्धा होत असे. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणे, पालकांनी आणि प्रशिक्षकांनी पंचांवर ओरडणे, हरलेल्या मुलाला सर्वांदेखत झापणे, असे प्रकार तिथे दिसू लागले होते. मार्च 2022 मध्ये महासंघाने ही राष्ट्रीय स्पर्धा बंद केल्याचे जाहीर केले. मुलांपुढचे ध्येय काढून घेतले म्हणून टीका झाली, आणि त्या टीकेतही तथ्य होते, कारण अनेक गावांतली मुले त्या एका स्पर्धेसाठी वर्षभर घाम गाळत असत. यामाशितांनी निर्णयाची बाजू स्वतः जाहीरपणे मांडली. या वयात जिंकणेच सर्वस्व झाले तर मुले ज्युदो शिकत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. जिल्हा आणि प्रांत पातळीवरच्या स्पर्धांबाबत काय करायचे यावर जपानमध्ये त्यानंतरही वाद चालू राहिला.